कॉलनीतला शिकवणीचा कट्टा: नळाचा दिवस, तीन बाजा आणि बिबड्या

जळगाव-धुळ्याकडच्या कुठल्याही नव्या कॉलनीत शिरा, ओपन स्पेस असतोच. मोठ्या ले-आउटला साधारण १० टक्के जागा मोकळी सोडावी लागते, ती ही. एका कोपऱ्यात मारुतीचं नाहीतर दत्ताचं देऊळ, पुढे पत्र्याचा मंडप, दोन सिमेंटचे बाक. सकाळचे चालणारे आणि संध्याकाळची क्रिकेटवाली पोरं सोडली तर दिवसभर तिथे कुणी फिरकत नाही. या जागेत आठवड्यातून एकदा शेजाऱ्यानेच शेजाऱ्याला एक काम शिकवायचं, एवढाच हा कट्टा.

असं काही सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "वक्ता कोण बोलवायचा?" इथेच गाडी भलत्या रस्त्याला लागते. वक्ता आला की हार आला, नारळ आला, माइक, खुर्च्या, प्रास्ताविक, आभार, सगळंच आलं. दीड तासातला पाऊण तास त्यातच जातो आणि घरी नेण्यासारखं हातात काही उरत नाही. शिकवणारा तीन गल्ल्यांच्या आतलाच धरावा. निवृत्त लाइनमन, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, आडतीवर हिशेब लिहिणारे काका, बिबड्या (ज्वारीचे वाळवणाचे पापड) थापणाऱ्या आजी. दुसऱ्या दिवशी अडलं तर त्यांच्या दारात जाऊन विचारता येतं. पुण्याहून आलेल्या पाहुण्याच्या दारात जाता येत नाही.

माणसं गोळा करायला नवी यादी करत बसू नका. भिशी धरा. भिशीतल्या पंधरा-वीस बायका महिन्याला एकत्र येतातच, वेळ पाळतात, पैशाची वही ठेवतात, आणि चिठ्ठी काढायची सवय सगळ्यांना असते. तीच चिठ्ठी इथे कामाला लावायची. पहिल्या बैठकीत प्रत्येकीने "मला हे शिकायचंय" अशी एकच चिठ्ठी डब्यात टाकायची, खाली नाव नको. सारख्या चिठ्ठ्या वेगळ्या लावल्या की पहिल्या दोन-तीन महिन्यांचे विषय समोर दिसतात. शिकवणारा शोधणं थोडं अवघड, कारण "तुम्हाला काय येतं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, "मला कुठे काय येतं!" प्रश्न बदलायचा: "तुमच्याकडे लोक काय विचारायला येतात?" मग कळतं की कोपऱ्यातल्या घरी लोक आधारचा फोन नंबर बदलायला काय लागतं ते विचारायला जातात, आणि समोरच्या आजींकडे बाळाला तेल लावून घ्यायला. पुरुष भिशीत सापडत नाहीत. त्यांना गणपती मंडळाच्या पोरांकडून किंवा सकाळच्या चालणाऱ्यांतून उचलावं लागतं, आणि पहिल्यांदा येतात ते बहुतेक लाइट बिलाच्या विषयाला.

वार ठरवताना कॅलेंडर नंतर पाहा, आधी नळ पाहा. आपल्याकडे नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातली बाई मोटर, टाकी आणि पिंप सोडून कुठेही जात नाही. "रविवारी पाच वाजता" असं छापून मोकळं झालं आणि नेमकं त्या रविवारी पाणी आलं, तर मंडपात फक्त आयोजक. म्हणून वार पक्का न ठेवता "नळाच्या दुसऱ्या दिवशी" असा ठेवला तर चालतो. हसू येईल, पण सगळ्यांच्या लक्षात राहतो. एप्रिल-मे महिन्यात साडेनऊनंतर पत्र्याखाली बसवत नाही, तेव्हा सकाळी साडेसहा ते आठ. थंडीत संध्याकाळी पाच ते साडेसहा. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजला की शेजारचाही आवाज ऐकू येत नाही, तेव्हा बोलण्याचे विषय टाळून हाताचे घ्या: शिवण, सायकलचं पंक्चर, मिक्सरचा कपलर बदलणं.

निरोपासाठी व्हॉट्सअॅप असावं, पण भरवसा फळ्यावर. देवळाच्या खांबाला दोन बाय तीन फुटांचा काळा फळा, वर तारीख, वेळ, विषय आणि घरून काय आणायचं ते. ग्रुपवरचा निरोप गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दबतो. फळा दूध आणायला जाणाऱ्यालाही दिसतो. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात पोरांसाठी हाताने दैनिक लिहायचे, त्यापुढे आठवड्याला चार ओळी खडूने लिहिणं म्हणजे काहीच नाही. फळा लिहायचं काम सातवी-आठवीतल्या पोरांना द्या. अक्षर सुधारतं आणि त्यांच्या घरचे आपोआप येतात.

आता एक बैठक पूर्ण सांगतो, म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल. उन्हाळ्यात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या बिबड्यांच्या निघतात. नव्या सुनांना त्या विकत आणायची सवय झालेली असते आणि शिकवू शकणाऱ्या आजींना एकटीने पातेलं हलत नाही. दोघींची गरज एकाच पातेल्यात भागते.

शिकणाऱ्या बारा, शिकवणाऱ्या तीन, बाजा (खाटा) तीन. बाजेला चार शिकणाऱ्या, त्याहून जास्त नकोत; पाचवी नुसती बघत बसते आणि बघून बिबडी येत नाही. ज्वारी पाच किलो. तयारी चार दिवस आधीच सुरू होते, आणि बैठक फसते ती इथेच, कारण फळ्यावर फक्त थापायचा दिवस लिहिलेला असतो. ज्वारी निवडून, धुऊन तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी उपसून सुती कापडावर सुकवायची आणि गिरणीतून दळून आणायची. गिरणीवाल्याला आधी सांगून ठेवा. गव्हाच्या दळणावर ही ज्वारी टाकायला तो नाखूश असतो. रात्री पीठ गार पाण्यात कालवून झाकून ठेवायचं. हे टप्पे वेगवेगळ्या घरांत वाटून द्या: एकीकडे भिजवणं, दुसरीकडे सुकवणं, तिसरीकडे दळण. मग प्रत्येकीला एक तरी टप्पा स्वतः केल्यासारखा लक्षात राहतो.

थापायच्या दिवशी सहाला चूल पेटली पाहिजे. पाच किलोचं एकदम शिजवायला जाऊ नका, दोन घाण्यांत करा. पूर्ण पातेलं ढवळायला पैलवान लागतो. आधणात लसूण, हिरवी मिरची आणि जिरं वाटून टाकायचं, तीळ आणि मीठ घालायचं. मीठ चवीला किंचित कमीच हवं, कारण वाळताना पाणी उडतं आणि मीठ तेवढंच राहतं. ओल्या पिठाला बरोबर लागलेलं मीठ वाळल्यावर खारट लागतं. कालवलेलं पीठ बारीक धारेने सोडायचं आणि दुसरीने लांब लाकडी दांड्याने हलवत राहायचं. धार आणि दांडा दोन्ही एकीच्याच हातात दिले की गाठी झाल्याच. मंद आचेवर झाकण ठेवून वाफ काढायची, मधूनमधून तळापासून हलवायचं. पाण्यात बुडवलेलं बोट पिठाला लावून पाहायचं. बोटाला चिकटलं नाही की शिजलं. कच्चं उतरवलं तर बिबडी वाळताना तडकते आणि डब्यात भरताना तिचा चुरा होतो. शिकणाऱ्या प्रत्येकीने हे बोट स्वतः लावून पाहिलं पाहिजे. बाकी सगळं मोबाइलच्या व्हिडिओत दिसतं, हे दिसत नाही.

बाजेवर जुनं धोतर नाहीतर सुती साडी ओली करून, पिळून पसरायची. गरम पिठाचा गोळा, हाताला पाणी, आणि मधून कडेकडे थापत जायचं. नवशिकीची बिबडी कडेला पातळ आणि मध्ये जाड होते, मग कड आधी वाळून वर वळते आणि मध्ये ओल राहते. आजी काय करतात ते नीट पाहा: त्या बोटांनी दाबत नाहीत, तळव्याने ढकलतात. पीठ गार झालं की थापलं जात नाही, म्हणून प्रत्येक बाजेला छोटं पातेलं झाकून द्यायचं आणि मोठं चुलीवरच ठेवायचं. हल्ली प्लास्टिकच्या कागदावर थापतात. सुटायला सोपं, पण खालची बाजू वाळत नाही, उलटायला विसरलं तर बुरशी धरते. कापडावरच्या बिबड्या संध्याकाळी कापड उलटं करून, मागून पाण्याचा हात फिरवून सोडवायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कडक उन्हात टाकायच्या. मोडल्यावर कट्‌ आवाज आला तरच डब्यात.

आणि एक किलो ज्वारी जास्तीचीच धरा. गरम पिठावर कच्चं तेल आणि शेंगदाणे घालून खायला पोरं पातेल्याभोवती बसलेली असतात, मोठीही बसतात. हा हिशेब धरला नाही तर तिसरी बाज रिकामी राहते.

वाटणी तिथल्या तिथे करायची नाही. वाळल्यावर मोजून, शिकवणाऱ्या आजींना दुप्पट वाटा आणि बाकीच्यांना सारखा. हे आधी बोललेलं बरं. बिबड्यांवरून झालेलं भांडण पाण्याच्या मोटरीवरून झालेल्या भांडणापेक्षा जास्त टिकतं.

लाइट बिलाची बैठक याच्या उलट: तयारी काही नाही, प्रत्येकाने आपलं बिल आणायचं. बारा आकडी ग्राहक क्रमांक कुठे आहे इथपासून सुरुवात करा. मग मागचं आणि चालू रीडिंग, दोन्हींतला फरक म्हणजे युनिट. युनिट म्हणजे काय ते फळ्यावर नुसतं लिहून समजत नाही. १०० वॉटचा बल्ब दहा तास जळला की एक युनिट, आणि २००० वॉटचा गिझर अर्ध्या तासात तेवढंच खातो, असं सांगितलं की मागून कुणीतरी हमखास नवऱ्याकडे वळून बघतं. त्यानंतर टप्पे: घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. दर टप्प्याटप्प्याने चढतो, पण चढलेला दर सगळ्या युनिटला लागत नाही, फक्त त्या टप्प्यातल्या युनिटला लागतो. निम्म्या लोकांचा गैरसमज इथेच असतो. स्थिर आकार, वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क प्रत्येकाने आपापल्या बिलावर पेनाने गोल करून दाखवायचं. दराचे आकडे पाठ करू नका, ते बदलतात. रीडिंगच्या जागी सरासरी लागली आहे का, हे मात्र सगळ्यांना बघता आलं पाहिजे. सरासरीची दोन-तीन बिलं साठली की पुढचं एकदम अंगावर येतं.

मार्च संपायच्या आत उन्हाची एक बैठक घ्या, नाहीतर मे महिन्यात उशीर होतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटाने पुसून सपाट. शीग असलेला चमचा मिठाचा पडला तर लहान पोराला ते पाणी अपाय करतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि पुन्हा करा. उन्हाने माणूस बरळायला लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात पाणी घालायचं नाही. सावलीत आणून अंग ओलं करायचं, वारा घालायचा आणि १०८ ला फोन. त्याच दिवशी फळ्यावर १९३० पण लिहून टाका. पैसे फोनवरून लुबाडले गेले तर पहिल्या तासातच या नंबरला कळवलेलं बरं, आणि असे लुबाडले गेलेले प्रत्येक कॉलनीत दोन-चार निघतात, फक्त सांगत नाहीत.

पैसे थोडेच ठेवा. माणशी वीस रुपये, तेही सामान लागणार असेल तरच. वही देवळात, सगळ्यांना उघडून बघता येईल अशी. पहिल्या वर्षी नोंदणीच्या भानगडीत पडू नका. संस्था करायला किमान सात माणसं, घटना, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या आणि दरवर्षी हिशेब सादर करणं लागतं. एवढ्यात कट्टा बाजूला राहतो आणि अध्यक्ष कोण याचीच चर्चा सुरू होते. बँकेत खातं उघडण्याइतका पैसा खरंच जमला तर तेव्हा बघा.

बिघडतं ते ठरावीक जागी. विम्याचा किंवा जडीबुटीच्या डब्यांचा माणूस "आरोग्यावर बोलतो" म्हणून येतो आणि शेवटी फॉर्म काढतो. विकणाऱ्याला शिकवायला उभं करायचं नाही, हा नियम फळ्याच्या वरच कायमचा लिहून ठेवा. निवडणूक जवळ आली की मंडपाला कुणीतरी बॅनर बांधून जातं. भांडू नका, त्या आठवड्याची बैठक कुणाच्या तरी गच्चीवर घ्या. शुद्ध बोलायच्या नादात शिकवणारे गप्प होतात, तेही बघा. अमळनेर-चाळीसगावकडच्या आजी अहिराणीत आणि यावल-रावेरकडच्या लेवा बोलीत सांगायला लागल्या की हात आणि तोंड बरोबर चालतं. प्रमाण मराठी बोला म्हटलं की त्या नुसतं "असं असं" करत दाखवतात आणि मापं सांगायची राहतात.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात बैठक ठेवू नका. लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, कुणी येणार नाही. पण गुलाबाईचा महिना सोडू नका. कुणी भुलाबाई म्हणतं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी गाण्यांना जमतातच, वेगळं बोलवायला लागत नाही. आजी गाणं सांगतात, पोरी वहीत उतरवतात, आणि शेवटी खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. त्या महिन्यात बैठकीचा विषय एकच ठेवा, ज्या घरची खिरापत त्या घरची कृती. ओळखणारीला आधी खाऊ, मग कृती लिहायला वही. मापं वाटीत लिहून घ्या, "अंदाजाने" असं कुणी म्हणालं तर घरी जाऊन तिचीच वाटी मागवा.