ओमरभर मान्ना आणि आपलं कपाट

रविवारी उपासनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असं म्हणायचं आणि संध्याकाळी विजयनगरच्या मॉलमधून गरज नसलेल्या चार पिशव्या घेऊन घरी यायचं, हे इंदूरच्या कित्येक ख्रिस्ती घरांत इतकं अंगवळणी पडलंय की खटकतही नाही. राग, खोटेपणा ही पापं चटकन ओळखू येतात. लोभ मात्र 'सेल होता', 'मुलांसाठीच घेतलं', 'पुढे लागेलच' अशा शहाण्या शब्दांत बोलतो. म्हणून तो मनात शोधत बसू नये, मोजून काढावा.

बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या 16व्या अध्यायात मापच दिलंय: रानात इस्राएल लोकांना देवाने रोज दिलेलं अन्न म्हणजे मान्ना, तो माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं भांडं. काहींनी उद्यासाठी ठेवून पाहिला, सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट गोळा करायला सांगितलं होतं, आणि शब्बाथासाठी, म्हणजे सातव्या, विसाव्याच्या दिवसासाठी ठेवलेला तो मान्ना नासला नाही. तेव्हा साठवण हे काही पाप नव्हे. महिन्याचं वाणसामान भरणारी, वर्षाचे गहू ऊन देऊन कोठीत ठेवणारी गृहिणी लोभी नसते. तिला माहीत असतं किती माणसं आहेत आणि किती लागतं. लूकच्या शुभवर्तमानातल्या 12व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला, मोठी कोठारं बांधून सगळं पीक साठवू पाहणारा श्रीमंत आहे; त्याला तेच माहीत नव्हतं. त्याचं पीक चोरीचं नव्हतं, शेतानेच भरभरून दिलं होतं. पण तो सल्लामसलत स्वतःशीच करतो, आणि त्याच्या बोलण्यात 'माझं पीक, माझी कोठारं, माझा माल' याखेरीज दुसरं माणूसच नाही. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने याच उताऱ्यावर प्रवचन देताना सरळ सांगितलं, की तू अडवून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे आणि पेटीतला कपडा उघड्याचा.

पेटीतल्या त्या कपड्यापासूनच सुरुवात करावी. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाटातले सगळे हँगर उलटे अडकवायचे, आकड्याचं तोंड आपल्याकडे. कपडा वापरून, धुऊन परत ठेवताना हँगर सुलटा. ईस्टरपर्यंत रविवार धरून 46 दिवस होतात. तोवर जे उलटेच राहिले, ते आपल्या ओमरच्या वरचे. लग्नाकार्याच्या साड्या आणि स्वेटर आधीच बाजूला काढावेत, नाहीतर हिशेब खोटा निघतो. या दिवसांत इंदुरात स्वेटर कोण घालणार?

चुका होतात त्या देताना. उसवलेले परकर, चेन तुटलेल्या पँटी मंडळीच्या (चर्चच्या) वाटपात टाकल्या, तर ते दान होत नाही, आपला कचरा निवडायचं काम आपण दुसऱ्याला लावतो. धुतलेला, इस्त्री केलेला, बटणं पूर्ण असलेला कपडाच द्यावा. आणि कपड्याबरोबर हँगरही द्यावा. रिकामा हँगर राहिला की दिवाळीच्या आत तो भरतोच.

आपल्या शहरात आणखी एक सोय झालीय. रोज दाराशी गाडी येते, ओला-सुका वेगळा केलेला कचरा नेते, आणि मोह पडतो की आपलं कर्तव्य झालं. देवगुराडियाचा प्रकल्प 2022 मध्ये दिवसाला 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याच्या क्षमतेने सुरू झाला. अभिमान वाटावा असंच ते काम आहे. पण कचरा वेगळा करणं आणि कमी करणं या दोन गोष्टी आहेत. आठवडाभर सुक्याच्या डब्यातली फक्त पार्सलची खोकी मोजावीत.

कपाटापेक्षा मोठी गोष्ट हप्त्यांची. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19व्या अध्यायात शेताच्या कडेपर्यंत कापणी करू नका, ती कड गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा, असं सांगितलंय. हप्ता म्हणजे अजून न उगवलेलं शेतही कडेपर्यंत कापून नेणं. 60,000 चा फोन 16 टक्क्यांनी 24 महिन्यांवर घेतला, की हप्ता सुमारे 2,938 आणि एकूण भरणा 70,500 च्या आसपास. क्रेडिट कार्डाचं आणखी वाईट. 40,000 थकले, महिना साडेतीन टक्के व्याज, म्हणजे 1,400 आणि त्यावर जीएसटी 252. फक्त 5 टक्के, म्हणजे 2,000 भरले तर मुद्दल घटलं 348. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही, तर नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही बहुधा जाते, आणि हेच पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मग दशमांशाच्या, म्हणजे देवासाठी काढून ठेवलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या, पाकिटाला हात लागतो, आणि शेजारच्या घरात आजारपण आलं तर 'या महिन्यात जमणार नाही' म्हणावं लागतं. लोभाचा खरा मार तिथे बसतो, दुसऱ्याच्या दारात.

म्हणून आधी सर्वांत महाग व्याजाचं कर्ज फेडावं. ते फिटेपर्यंत नवा हप्ता नाही. आणि दशमांशाशिवाय एक कड सोडावी. 40,000 पगारात 2,000 जमतील, कुणाला 500 च जमतील. ही रक्कम खात्यात ठेवू नये, मोबाइलवरून पैसे देताना ती कधी संपली कळत नाही. पहिल्या तारखेला रोख काढून पाकिटात ठेवावी, कुणाच्या नावाने न ठरवता: भांडीवाल्या ताईंच्या मुलीची वह्यापुस्तकं, वॉचमनचं औषध, जे समोर येईल ते. महिनाअखेरीस काही उरलंच, तर पुढच्या महिन्यात ओढू नये. त्या रविवारी दानपेटीत टाकून पाकीट रिकामं करावं.