आमची वाटचाल : व्हिसाची कॅटेगरी चुकली की फाईल बाद

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण पट्ट्यात जर्मन, कोरियन, जपानी इंजिनिअर येऊ लागले तेव्हा त्यांच्या एम्प्लॉयमेंट (नोकरीच्या) व्हिसाची आणि परदेशी नागरिक म्हणून इथल्या सरकारी नोंदणीची कामं आम्ही घेऊ लागलो. एक भाड्याचा गाळा, फायलींचं कपाट आणि लोखंडी नंबरिंग मशीन एवढंच भांडवल. ते मशीन आजही चालतं. प्रत्येक पानावर शाईचा नंबर पडल्याशिवाय आमची फाईल बाहेर गेली नाही, म्हणून नोंदणीच्या खिडकीवर "पान गहाळ आहे" असं आम्हाला कुणी ऐकवू शकलं नाही.

२००९ साली मात्र आम्हाला बुडवायला निघाले होते. मुंबईच्या एका कन्सल्टंटने आमच्या निम्म्याहून जास्त पार्ट्या, म्हणजे गिऱ्हाईक कंपन्या, फोडल्या. त्याचा सल्ला : मशीन बसवायला येणाऱ्या फिटरला बिझनेस व्हिसावर आणा. करारनामा नको, पगारपत्रक नको, काम झटपट. आम्ही नकार देत राहिलो. तेव्हाचा नियम साधा : बिझनेस व्हिसा मीटिंगला, माल बघायला. शॉपफ्लोअरवर पाना हातात घेतला की ती नोकरी. यावर तो आम्हाला 'पुस्तकी लोक' म्हणत बाजारभर फिरला. गाळ्याचं भाडं थकलं, फोन वाजेना.

मग केंद्राचा आदेश आला : बिझनेस व्हिसावर प्रोजेक्टची कामं करणाऱ्यांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत देश सोडायचा, परत यायचं तर मायदेशातून एम्प्लॉयमेंट व्हिसा काढून. इथे बसून कॅटेगरी बदलत नाही, हे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो. अर्धवट बसवलेल्या लाइनी सोडून माणसं विमानतळावर गेली. त्या पार्ट्यांपैकी एकानेही तुमचं बरोबर होतं म्हटलं नाही. "सगळे एजंट सारखेच" हेच ऐकवलं. ते आजही सलतं.

अपवाद भोसरीचे प्रेसशॉपवाले आप्पा. त्यांनी फाईल हलवली नव्हती. त्यांचा जर्मन टूल इंजिनिअर नोव्हेंबरातही डायवर काम करत होता. आप्पांनी बोलावून वर्षाची फी आगाऊ दिली, "गाळा सोडू नका" म्हणाले. त्या चेकवर आम्ही उभे राहिलो.

पुढची वर्षं नीट गेली. २०१८ मध्ये ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांची ऑनलाइन नोंदणी, आलं, खिडकी गेली. पानांवर नंबर आम्ही अजून टाकतो.

नव्या एचआरवाल्यांना सांगतो, परदेशी साहेब विमानात बसण्याआधी त्यांच्या घराचा लीव्ह अँड लायसन्स (भाडे) करार नोंदवून ठेवा. परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती घरमालकाने २४ तासांत फॉर्मवर (पूर्वीचा फॉर्म सी) भरायची असते, तो तुम्हीच बसून भरून घ्या. व्हिसा १८० दिवसांपुढचा असेल तर नोंदणीला १४ दिवसच मिळतात. आणि पीएफ विसरू नका : परदेशी कामगाराला पगाराची कमाल मर्यादा लागू नाही, कापणी पूर्ण पगारावर होते. जर्मनी, कोरिया, जपानशी सामाजिक सुरक्षेचे करार आहेत, पण पीएफमधून सूट हवी तर सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (तिथल्या सामाजिक सुरक्षा योजनेत असल्याचा दाखला) तिकडूनच काढून आणायला सांगा.