‘किला’ म्हणू नका, ‘किला गेट’ म्हणा: तानसेन समारोहाला जाणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरचा तानसेन समारोह म्हणजे दर डिसेंबरात होणारा शास्त्रीय संगीताचा महोत्सव. त्याची शेवटची सभा गूजरी महालात होते. मागच्या खेपेला आम्ही तिथं दीड तास उशिरा पोचलो, आणि तो सगळा घोळ एका शब्दाने झाला. रिक्षावाल्याला मी ‘किला’ म्हणाले. म्हणायला हवं होतं ‘किला गेट’. यंदा जे जाणार आहेत त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं पाठ करून जा.

मी इंदूरची, गाणं शिकवते. सोबत माझी विद्यार्थिनी होती, वय एकोणीस. आमची तालीम ग्वाल्हेर गायकीची. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ज्या वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ही गायकी महाराष्ट्रात घेऊन आले, त्या जोशीबुवांचं गाव पाहायचं हे किती वर्षं मनात होतं. समारोहाला तिकीट नाही, पास नाही, सरळ जाऊन बसायचं. त्यामुळे सगळं सोपं वाटलं. गाण्यापुरतं सोपंच आहे. हाल होतात ते जाण्यायेण्यात, आणि त्याबद्दल आधी कुणी चकार शब्द काढत नाही.

तारखा दरवर्षी सरकतात. २०२३ साली २४ ते २८ डिसेंबर होत्या, २०२४ साली शंभरावा समारोह १५ ते १९ डिसेंबरला झाला. तेव्हा मागच्या वर्षीच्या तारखा धरून रेल्वेचं तिकीट काढू नका. पुण्याहून झेलम आणि मुंबईहून पंजाब मेल थेट ग्वाल्हेरला जाते. आम्ही इंदूरहून रात्रीच्या गाडीने सकाळी उतरलो. दक्षिणेकडून जाताना फारसा त्रास नाही. परतीची गाडी मात्र उत्तरेकडून धुक्यातून वाट काढत येते. फलाटावर शेजारी बसलेलं नाशिकचं जोडपं सहा तास गाडीची वाट पाहत होतं. घरी पोचल्याच्या दिवशी कामावर जायचं ठरवू नका.

मुक्कामाचं आमचं चुकलं. माझी मावशी ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ नावाच्या भागात राहते, सराफ्याच्या मागच्या गल्लीत. फोनवर म्हणाली, “अगं, इथून हजिरा म्हणजे काय, पाच मिनिटं!” मावशी प्रेमाने बोलली, पण ती स्वतः दहा वर्षांत समारोहाला गेलेली नाही. समारोह भरतो ती तानसेनांची समाधी हजिऱ्याला आहे, आणि लष्करातल्या महाराज बाडा चौकापासून ती पाच-साडेपाच किलोमीटर भरते. संध्याकाळी वाटेत जी गर्दी लागते तिच्यात अर्धा तास जातो. उलट रेल्वे स्टेशनपासून समाधी दोनेक किलोमीटर. म्हणून माझं स्पष्ट मत: कुणाचं घर असो वा नसो, उतरायचं ते स्टेशनजवळ. नातेवाइकांना दुपारी भेटून या. मावशीच्या हातची आमटी सोडवत नाही हे मला कळतं, पण रात्री एक वाजता पाच किलोमीटर थंडीत यायचं असेल तेव्हा ती आमटी आठवत नाही.

पहिल्या रात्रीचं सांगते. सकाळची सभा दहाला, संध्याकाळची सहाला, असं गृहीत धरा. उद्घाटनाच्या संध्याकाळी बहुतेक वेळा तानसेन सन्मान दिला जातो, भाषणं होतात, त्यामुळे गाणं उशिरा रंगतं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा पावणेएक वाजला होता. संध्याकाळी येताना १२० रुपये दिले होते. आता रिक्षावाला म्हणाला ५००. दुसरा ५००. तिसऱ्याने तोंडही वर केलं नाही, चादरीत गुरफटून बसल्या बसल्या पाच बोटं दाखवली. शेवटी ४०० दिले. हे पैसे मला अजून खुपतात. दुसऱ्या दिवसापासून आम्ही एकच रिक्षा ठरवली, संध्याकाळी नेणे आणि सभा संपेपर्यंत थांबून परत आणणे मिळून ३५०. रिक्षावाला मागे खुर्चीवर बसून गाणं ऐकायचा. हा सौदा दुपारीच करा, रात्री कुणी करत नाही.

आता थंडी. मंडपात पुढे गाद्या असतात, मागे खुर्च्या. गादीवर बसायचं तर चपला काढाव्या लागतात आणि अकरानंतर पायाची बोटं बधिर होतात. लोकरीचे मोजे दोन जोड, कानटोपी, आणि अंगावर घ्यायची शाल वेगळी, मांडीवर टाकायची वेगळी. थर्मास न्या. इंदूरची थंडी डोळ्यांसमोर ठेवून बॅग भरू नका, आम्ही तेच केलं आणि दुसऱ्या दिवशी बाड्यावरून दोन ब्लँकेटं विकत घेतली.

पहिली सकाळ कुणीही चुकवू नये. बरेचजण संध्याकाळच्या मोठ्या नावांसाठी येतात आणि ही सकाळ झोपून काढतात, मला हे पटत नाही. समाधीपाशी शहनाई होते, मग ढोलीबुवा मठाच्या परंपरेतली हरिकथा, त्यानंतर मिलाद, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गायन, आणि मग समाधीवर चादर चढते. ढोलीबुवांचा मठ हा ग्वाल्हेरच्या मराठी घरांना आपला वाटणारा मठ. हरिकथा हिंदीत चालते, पण बसून ऐकलं की आपल्या कीर्तनाचा बाज लगेच ओळखू येतो. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ मांडीवर ताल धरून होते. हरिकथा संपली आणि मिलाद सुरू झाला, तरी त्यांची मांडी हलली नाही. दोन्ही त्यांनी सारखंच मन लावून ऐकलं.

सूफी संत मोहम्मद गौसांचा मकबरा मोठा, तानसेनांची समाधी शेजारी लहानशी, खांबांच्या उघड्या मंडपात. मकबऱ्याच्या दगडी जाळ्या सकाळी साडेनऊच्या सुमाराला पाहा. ऊन तिरपं आत येतं आणि जाळीची सगळी नक्षी फरशीवर उमटते. माणूस चालत गेला की ती त्याच्या पाठीवरून सरकते. समाधीजवळच्या चिंचेचा पाला चावला की गळा सुरेल होतो असं पूर्वापार म्हणतात. माझ्या विद्यार्थिनीने एक पान खाल्लं. मी तिला अडवलं नाही, मीही खाल्लं.

दुसरा आणि तिसरा दिवस छान गेले. गाणं ऐकलं, जेवलो, झोपलो. सकाळी नव्या बाजारात बहादुराचे लाडू खा, लवकर जा. सरोद घर जिवाजीगंजात आहे, सरोदवादक हाफिज अली खाँसाहेबांचं घर, तिथं एक तास पुरे. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ पासूनचं आणि माधव संगीत महाविद्यालय १९१८ पासूनचं. गाणं शिकणाऱ्यांनी दोन्ही पाहावीत, इतरांनी नाही पाहिली तरी चालेल. ‘वादी-संवादी’ या व्याख्यान-चर्चेच्या सत्रांना मात्र विद्यार्थ्यांनी जावंच.

शेवटच्या दिवसाने आमचा कस पाहिला. त्या दिवशी सकाळची सभा बेहटला, म्हणजे तानसेनांच्या जन्मगावी. ग्वाल्हेरपासून ४५ किलोमीटरच्या आसपास. झिलमिल नदीच्या काठी शंकराचं कललेलं देऊळ आहे, तानसेनांच्या तानेने ते कललं अशी गावातली कथा. लोक सांगतात की बेहटला ‘बस मिल जाती है’. मिळत असेलही, पण सकाळच्या धुक्यात दहाच्या सभेला पोचवणारी आम्हाला मिळाली नाही. तासभर थांबून शेवटी १८०० रुपयांत गाडी केली. आदल्या दिवशी मंडपात विचारलं असतं तर आणखी तीन-चार जण सहज जमले असते आणि माणशी ३०० ते ३६० पडले असते. तुम्ही आदल्या दिवशीच विचारा.

बेहटला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. कललेल्या देवळाच्या सावलीत, उन्हात बसून, गावातल्या बायका-मुलांच्या मधे ध्रुपद, म्हणजे ख्यालाच्याही आधीची जुनी गायकी, ऐकणं पुन्हा होणार नाही. पण परत येऊन संध्याकाळी गूजरी महाल गाठायचा असेल तर बेहटहून एकलाच निघा. आम्ही अडीचला निघालो, चारला मावशीकडे पोचलो, आणि ‘पंधरा मिनिटं पडते’ म्हणून पाठ टेकली ती साडेपाचलाच उठलो.

आता ती रिक्षा. सभा सहाला, आणि प्रत्येक सभेची सुरुवात स्थानिक संगीत महाविद्यालयाच्या मुलांच्या ध्रुपदाने होते. त्या संध्याकाळी गाणाऱ्या मुलांत माझ्या विद्यार्थिनीची मैत्रीण होती. एका शिबिरात दोघींची ओळख झालेली, आणि पाच दिवस ही मुलगी त्याच ध्रुपदाची वाट पाहत होती. म्हणून मी घाईघाईत समोर आली ती रिक्षा थांबवली आणि म्हणाले, “किला चलो, तानसेन का प्रोग्राम है.” तो म्हणाला २००. बसलो.

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेली आहे. तिला दोन तोंडं. पश्चिमेला उरवाई गेट, तिथून गाड्या वर जातात. पूर्वेला ग्वाल्हेर गेट, तिथून पायी चढायचं. राजा मानसिंह तोमराने मृगनयनी राणीसाठी बांधलेला गूजरी महाल हा या पूर्वेच्या तोंडाशी, अगदी पायथ्याला आहे. किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याशी त्याची गल्लत करू नका. त्या बाजूच्या वस्तीला गावात ‘किला गेट’ म्हणतात. लष्करात नुसतं ‘किला’ म्हटलं की रिक्षा उरवाईला जाते. यात रिक्षावाल्याची चूक नाही, सगळे प्रवासी तिकडूनच वर जातात.

उरवाईला उतरलो तेव्हा अंधारलं होतं. रिक्षा वळून गेलीसुद्धा. दोन्ही बाजूंच्या कड्यांत कोरलेल्या त्या प्रचंड तीर्थंकरांच्या मूर्ती धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या, खाली पाय आणि वर काही नाही. दिवसा त्या पाहायला मुद्दाम जावं अशा आहेत. त्या वेळी मला फक्त घड्याळ दिसत होतं. वाटेवर बसलेला माणूस म्हणाला, “दीदी, किला तो बंद हो गया. गूजरी महल उधर है, किला गेट से.” आणि हाताने त्याने डोंगराच्या पलीकडे दाखवलं. वरून चालत उतरता येईल का विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. 

तिथं एकही रिक्षा नव्हती. अर्धा तास चाललो. रस्त्याला दिवे मधेच होते, मधेच नव्हते, कुत्री अंगावर आली, आणि पोरगी एक अक्षर बोलत नव्हती. मोठ्या रस्त्याला लागल्यावर जो पहिला रिक्षावाला थांबला त्याने ३०० मागितले. सहा-सात किलोमीटरचा वळसा होता, मी हुज्जत घातली नाही. बायकांनी हा पट्टा अंधारात पायी चालू नये. दोघी होतो तरी माझी छाती धडधडत होती.

साडेसातला महालाच्या दारातून आत शिरलो. ध्रुपद कधीच संपलं होतं. पहिल्या कलाकाराचीही शेवटची द्रुत बंदिश चालली होती. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिच्याकडे बघवेना. शेजारच्या एका मराठी काकांनी सरकून जागा दिली, थर्मासचं झाकण भरून चहा दिला, आणि विचारलं, “उरवाईला गेला होतात का?” दरवर्षी कुणीतरी जातंच, म्हणाले.

मग पुढची गायिका बसली आणि बागेश्री सुरू केला. चारही बाजूंनी दगडी भिंती, वर मोकळं आकाश. मंद्रातला धैवत लागला तो त्या भिंतींना टेकून परत आला. मंडपात ध्वनिवर्धकातून येणारा सूर वेगळा आणि इथला वेगळा. पाऊण तास तिने विलंबितात घालवला, कुणी उठलं नाही. समारोहाची एकच सभा ऐकता येणार असेल तर ही ऐका. बाकीच्या चार दिवसांवर पाणी सोडावं लागलं तरी सोडा. आणि साडेपाचच्या आत जागा धरा, अंगण मोठं नाही.

सभा संपल्यावर मैत्रीण स्वतःच शोधत आली, अंगावर गाण्याची साडी आणि वर भावाचं जॅकेट. तिने तिथंच, खांबाला टेकून, मघाच्या ध्रुपदाची स्थायी म्हणून दाखवली आणि आमच्या पोरीने मांडीवर चौताल धरला.

परतताना काकांनी आम्हाला एकटं सोडलं नाही. किला गेटच्या चौकापर्यंत सगळे चालत गेलो, तिथं त्यांनी ई-रिक्शावाल्याशी स्वतः बोलून लष्करातले आम्ही सहा जण एकत्र बसवले. माणशी ५० रुपये. वेळ रात्रीचे साडेबारा.