आमची वाटचाल: बाबांचा पत्रा आणि मे महिन्यातला बर्फ

माझे बाबा पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी भागातल्या नाटकांना ध्वनीचं काम करायचे. दिवाळीनंतर वडसा, ब्रह्मपुरीकडे गेले की होळीच्या सुमारास नागपूरला परतायचे. नाटकात वीज कडाडायची असली की ते विंगेत टांगलेला पातळ पत्रा मनगटाच्या झटक्याने हलवायचे. गेमसाठी आवाज बनवण्याच्या आमच्या धंद्याची नोंदणी बरीच नंतर झाली, पण माझ्या लेखी सुरुवात त्या पत्र्यापासूनच आहे.

मी स्वतः आधी लग्नांना साउंड सिस्टीम लावायचो. पुण्यात मोबाइल गेम बनवणाऱ्या एका मित्राने पावलांचे आणि दारांचे आवाज मागितले. मी फुकट मिळणारे आवाज उतरवून, थोडे कापून-छाटून त्याला दिले. गेम बाजारात आल्यावर कळलं, की त्यातले चार आवाज पैसे कमावण्याच्या कामात वापरायची परवानगीच नव्हती. गेम मागे घ्यावा लागला. त्याचं नुकसान माझ्या निष्काळजीपणामुळे झालं, हे मी आजही विसरलेलो नाही. त्यानंतर मी आणि ताईने ठरवलं, की आमच्याकडून बाहेर जाणारा प्रत्येक आवाज आम्हीच मुद्रित केलेला असेल आणि त्याची लेखी परवानगी सोबत जाईल.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीला जाड मातीच्या भिंती आहेत. गाद्या उभ्या केल्या, एक माइक घेतला आणि रात्री दोन ते पाच ही आमची वेळ झाली. दिवसा रस्ता ऐकू येतो.

हाताशी असलेल्या वस्तूंनी पावलं, दारं असे आवाज काढायच्या या कलेला चित्रपटात फोली म्हणतात, युनिव्हर्सल स्टुडिओत काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून. पण चित्रपटात पाऊल एका दृश्यात एकदाच पडतं. गेम खेळणारा मात्र त्याच गवतावरून तीन तास चालेल. एकच आवाज पुन्हा पुन्हा वाजला की चालणं टाइपरायटरसारखं वाटायला लागतं, कानाला ते लगेच कळतं. म्हणून आम्ही प्रत्येक जमिनीची निदान दहा वेगवेगळी पावलं देतो, आणि गेम त्यातलं कुठलंही उचलून किंचित वर-खाली स्वरात वाजवतो. वाऱ्यासारखा अखंड चालणारा आवाज एमपीथ्रीत देत नाही. त्या फाइलच्या सुरुवातीला बारीकशी शांतता शिरते आणि दर फेरीला आवाज तुटल्यासारखा ऐकू येतो. त्याऐवजी वेव्ह किंवा ऑग प्रकारची फाइल द्यायची.

सामान सगळं विदर्भातलंच. सागाची वाळलेली पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये पोत्यांत भरून ठेवतो, कारण पावसाळ्यात ती दमट होतात आणि चुरचुर निघून जाते. एकदा तुडवलेलं पान दुसऱ्या टेकला, म्हणजे मुद्रणाच्या पुढच्या फेरीला, चालत नाही, त्यामुळे पोती भराभर संपतात. हाड मोडल्याच्या आवाजासाठी काटोलकडे मामाच्या शेतातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आणतो. नुसती पऱ्हाटी मोडली तर लाकूडच ऐकू येतं. तिच्यासोबत गाजर पिळून तोडलं की ओलेपणा येतो आणि अंगावर काटा येतो. राक्षसाचं कण्हणं म्हणजे आमच्या माजघराचं दार. ते ९६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेऊन, मुद्रित करतो. वेग निम्मा केला की आवाज एक सप्तक खाली जातो, लांबी दुप्पट होते, आणि तरीही बारकावे टिकून राहतात.

सगळ्यात अवघड गेला तो बर्फ. २०२० च्या टाळेबंदीत मनालीत वाढलेल्या एका मुलाने बर्फावरची पावलं मागितली. आम्ही दोघंही कधी बर्फावर चाललो नव्हतो. पद्धत ठाऊक होती: चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून मुठीने दाबायचं, की कोरडे कण एकमेकांवर घासून करकरतात. पण मे महिना, पारा ४५ च्या वर. कुलर लावला तर त्याची घरघर, शिवाय त्याच्या ओल्या हवेने पीठ दमट होतं आणि करकर मरते. म्हणजे कुलर बंद, पंखा बंद. आई पाणी घेऊन आली आणि म्हणाली, “काय करून राहिला रे पिठात?” मी हातानेच गप्प राहायची खूण केली. विमानं बंद, रस्ते रिकामे, इतकं शांत नागपूर मी कधी ऐकलं नव्हतं. पहिले आवाज त्या मुलाने परत पाठवले: टाच आधी रुतते, मग चवडा, दोन्ही वेगळं ऐकू आलं पाहिजे. अकराव्या रात्री ताईने हेडफोन काढून माझ्यासमोर ठेवला. तोच टेक त्या मुलाला पाठवला.

पुढे कामं वाढली, तशी एका परगावच्या कंपनीने आठ महिन्यांचे पैसेही बुडवले. तेव्हापासून निम्मी रक्कम आधी घेतो.

या जूनमध्ये एका गेमसाठी वीज हवी होती. गच्चीवरून खरी वीज मुद्रित केली, पण ती लांबची, बसकी वाटली. शेवटी माळ्यावरून पत्रा उतरवला. मी हलवला तर नुसता खडखडाट. बाबांचा हात आता थरथरतो, तरी त्यांनी वरचा एक कोपरा धरला, खालचा मोकळा सोडला आणि मनगट फिरवलं. तिसरा टेक आम्ही ठेवला. नोंदवहीत मुद्रण करणाऱ्याच्या रकान्यात ताईने त्यांचं नाव लिहिलं.