गाडी मरायची, पण दोष रेंजचा नव्हता

पुण्यातल्या वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जे दगड आहेत, तिथे मी माझा 1/10 स्केलचा क्रॉलर, म्हणजे दगडांवर चढणारी रिमोटची गाडी, चालवतो. नवा 25 किलो ताकदीचा सर्वो (पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर) बसवल्यापासून एक विचित्र प्रकार सुरू झाला. पुढचं चाक दोन दगडांच्या मध्ये बसलं आणि मी स्टिअरिंग पूर्ण वळवलं, की गाडी ठार. ना मोटर, ना स्टिअरिंग. सेकंदभराने आपोआप जागी व्हायची.

ग्रुपमधल्या सगळ्यांचं निदान एकच: "रेंज जातेय रे, रिसीव्हर बदल." रिसीव्हर म्हणजे रिमोटचा सिग्नल पकडणारा गाडीतला भाग. आता मी गाडीपासून चार पावलांवर उभा. एवढ्यात कसली रेंज जाणार? शिवाय सपाट मैदानावर तीच गाडी पार पलीकडच्या टोकापर्यंत बिनतक्रार जायची. मरायची ती फक्त चाक अडकल्यावर. म्हणून रिसीव्हर बदलण्याआधी त्याला वीज किती मिळते ते बघायचं ठरवलं.

रिसीव्हरच्या सगळ्या चॅनलच्या, म्हणजे प्लग खोचायच्या जागांच्या, पॉझिटिव्ह पिना आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे रिकाम्या चॅनलवर मल्टिमीटर लावला की सर्वोला आणि रिसीव्हरला काय मिळतंय ते कळतं. गाडी टेबलावर ठेवली, चाक हाताने घट्ट धरलं आणि मित्राला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. एरवी 6 व्होल्ट दाखवणारा आकडा पाचाच्या खाली घसरला, चारच्या आसपास चाचपडला आणि रिसीव्हरवरचा दिवा विझला. साधा मल्टिमीटर संथ असतो, खरा खड्डा त्याहूनही खोल असणार. शेजारच्या सोसायटीतली पाण्याची मोटर सुरू झाली की आपल्या घरातली ट्यूब जशी डुलते, तसंच हे. फरक इतकाच, की 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर नुसता डुलत नाही, तो रीस्टार्ट होतो आणि ट्रान्समीटरशी नव्याने जोडणी करतो. मधला सगळा वेळ गाडी वाऱ्यावर.

कारण हिशेबातच होतं. माझ्या ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्वोला वीज पुरवणारा भाग, 6 व्होल्ट, 2 अॅम्पिअरचा, तोही लिनिअर जातीचा, म्हणजे जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करून फेकतो. पूर्ण चार्ज झालेली 3एस, म्हणजे तीन सेलची, बॅटरी 12.6 व्होल्ट देते. 6 व्होल्टसाठी 6.6 व्होल्ट जाळायचे, आणि 2 अॅम्पिअर ओढले तर 13 वॉटच्या वर उष्णता, ती नखाएवढ्या चिपमध्ये. सर्वोच्या कागदावर स्टॉल करंट, म्हणजे सर्वो जोर लावूनही जागचा हलत नाही तेव्हा ओढतो तो करंट, तीन अॅम्पिअरच्या वर लिहिलेला. चाक अडकलं म्हणजेच स्टॉल. आपण सर्वो घेताना किलो बघतो, अॅम्पिअर कोण बघतो!

पहिला उपाय सगळे सांगतात तो: रिकाम्या चॅनलमध्ये मोठा कपॅसिटर. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून 16 व्होल्टचा 4700 मायक्रोफॅरडचा आणला, पोलॅरिटी बघून सर्वोच्या वायरला सोल्डर केला. झटकन दिलेल्या वळणाला फरक पडला, पण चाक अडकलं की गाडी पुन्हा मरायची, फक्त जरा उशिरा. कपॅसिटर क्षणभराची उणीव भरतो, सततची नाही. माझ्या मते क्रॉलरमध्ये तो मुख्य उपाय म्हणून खपवणं चूक आहे.

मग वेगळा स्विचिंग बीईसी (जास्तीचे व्होल्ट लिनिअरसारखे जाळत न बसणारा) घेतला, सलग 5 अॅम्पिअर देणारा. तो कसा जोडायचा यावर मात्र बराच काथ्याकूट झाला. बहुतेक जण बीईसी सरळ रिसीव्हरमध्ये खोचतात आणि ईएससीच्या प्लगमधली लाल पिन काढून टेप लावतात, म्हणजे दोन बीईसी एकमेकांशी भांडत नाहीत. ही पद्धत बरोबर आहे, पण मग सर्वोचा सगळा करंट रिसीव्हरच्या बारीक पिनांतून आणि ट्रॅकमधून जातो. मी सर्वोची लाल वायर थेट नव्या बीईसीला दिली, तपकिरी वायर बीईसीला आणि रिसीव्हरला दोन्हीकडे, आणि रिसीव्हरकडे त्याशिवाय फक्त नारिंगी सिग्नल. निगेटिव्ह सामाईक नसेल तर सर्वोला सिग्नल कळतच नाही, म्हणून तो सांधा नीट सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक चढवली. रिसीव्हर ईएससीच्या जुन्याच बीईसीवर राहिला. या जोडणीत ईएससीची लाल पिन काढायची नसते, काढली तर रिसीव्हरच उपाशी. आणखी एक फायदा: सर्वो 7.4 व्होल्टला चालणारा होता, तेव्हा बीईसीचा जंपर (व्होल्ट निवडायची छोटी टोपी) तिकडे सरकवला. रिसीव्हरला त्याची झळ नाही.

ट्रान्समीटरवर एंड पॉइंटही, म्हणजे सर्वोने किती वळायचं त्याच्या मर्यादा, कमी केले. नकल (चाकासोबत वळणारा सांधा) अॅक्सलला टेकली तरी सर्वो आणखी वळायला बघत गुणगुणत राहायचा, म्हणजे उगाचच स्टॉल. गुणगुण थांबेपर्यंत दोन्ही बाजू कमी करत आणल्या.

एक गोष्ट लक्षात ठेवा: हा बीईसी थेट बॅटरीवर आहे, ईएससीचा स्विच त्याला बंद करत नाही. बॅटरी तशीच जोडलेली राहिली तर लिपो हळूहळू इतकी उतरते की पुन्हा भरवशाची राहत नाही. म्हणून टेकडीवरून निघतानाच प्लग काढायचा.

चाक धरून तीच चाचणी पुन्हा केली. रिसीव्हरवर 6 व्होल्ट जागचे हलले नाहीत, सर्वोवरही अगदी किरकोळ घट. पुढच्या वेळी टेकडीवर गाडी मेली नाही, पण सर्वोच्या प्लॅस्टिक हॉर्नचे, म्हणजे सर्वोच्या दांड्यावर बसणाऱ्या हाताचे, दात गेले. आता 25 दातांचा अॅल्युमिनियमचा, स्क्रूने आवळायचा हॉर्न मागवलाय.