कॅमेऱ्याला बाहेरचा प्रीॲम्प जोडला, तेव्हा

मुलाखतींच्या व्हिडिओसाठी माझा भर डायनॅमिक माइकवर, म्हणजे चुंबक आणि कॉइलवर चालणाऱ्या, बाहेरून वीज न लागणाऱ्या माइकवर असतो. तो खोलीचा आवाज कमी उचलतो आणि दणकट असतो. अडचण एकच, त्याचा सिग्नल फार बारीक. शुअर एसएम५८ घ्या. ९४ डेसिबलच्या आवाजाला तो १.८५ मिलिव्होल्ट देतो. माणूस साध्या सुरात, ७० डेसिबलच्या आसपास बोलला की हातात उरतात जेमतेम ०.१२ मिलिव्होल्ट. एवढ्याशा सिग्नलसाठी कॅमेऱ्याच्या मिनी जॅकवरचा (माइकच्या छोट्या सॉकेटवरचा) गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, शेवटपर्यंत चढवावा लागतो. मग बोलण्यामागे जी ‘सूंऽऽ’ सुरू होते, ती हेडफोन न लावताही कळते.

म्हणून एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा मोठा प्लग) इनपुटचा, बॅटरीवर चालणारा, कॅमेऱ्याखाली ट्रायपॉडच्या स्क्रूवर बसणारा प्रीॲम्प अडॅप्टर आणला. माइकचा बारीक सिग्नल कॅमेऱ्यात जाण्याआधीच वाढवणं हे प्रीॲम्पचं काम. पण कानाला बरं वाटणं आणि खरोखर बरं असणं यात फरक असतो. नवीन वस्तू पहिल्या दिवशी नेहमीच चांगली वाजते. त्यामुळे कामावर नेण्याआधी तो नीट तपासायचा ठरवलं.

आधी कॅमेऱ्याचा ऑटो गेन बंद केला. तो चालू असताना केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. कोणी बोलायचं थांबलं की तो आपणहून गेन चढवतो, खरखर वर येते, बोलणं सुरू झालं की पुन्हा खाली जाते. मग कोणता आवाज अडॅप्टरचा आणि कोणता कॅमेऱ्याचा, हे सांगताच येत नाही. लिमिटर (मोठे आवाज दाबणारा), लो-कट (खालचे सूर कापणारा) वगैरेही बंद केले.

मूळ खरखर मोजायला माइक कामाचा नाही, कारण खोली कधीच पूर्ण शांत नसते. त्याऐवजी एका एक्सएलआर प्लगमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओहमचा रेझिस्टर डकवला. इनपुटला वाटतं माइक लागलाय, पण ऐकायला काहीच नाही. अशा रेझिस्टरचीही स्वतःची उष्णतेमुळे होणारी खरखर असते, २० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ०.२२ मायक्रोव्होल्टच्या आसपास. त्याखाली कोणताच प्रीॲम्प जाऊ शकत नाही. प्रश्न एवढाच की आपला त्यावर किती भर घालतो.

तुलना मात्र सारख्या लेव्हलवरच करायची. यावर मी अडून बसलो, कारण बहुतेक घरगुती चाचण्या इथेच फसतात. जो आवाज किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. छोट्या स्पीकरवर १ किलोहर्ट्झचा सूर लावला, माइक ठरलेल्या अंतरावर रोवला. एकदा माइक थेट कॅमेऱ्याला, एकदा अडॅप्टरमार्गे. दोन्ही वेळा सूर कॅमेऱ्याच्या मीटरवर उणे २० डेसिबलला (शून्य म्हणजे कमाल मर्यादा) येईल असा गेन लावला. मग गेनला हात न लावता माइक काढून रेझिस्टरचा प्लग लावला आणि शांतता रेकॉर्ड केली. दोन्ही फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून आरएमएस, म्हणजे आवाजाची सरासरी पातळी, पाहिली. अडॅप्टरमार्गे खरखर दहा डेसिबलहून अधिक खाली होती. ऐकतानाही फरक स्वच्छ कळत होता.

हा फरक अडॅप्टरच्या ताकदीमुळे आला असं म्हणणं अर्धवट ठरेल. साखळीत पहिल्या टप्प्यावर जेवढा स्वच्छ गेन मिळतो, तेवढी पुढच्या टप्प्याची खरखर गौण होते. अडॅप्टरचा गेन वर आणि कॅमेऱ्याचा जवळजवळ तळाला, तरच खेळ जमतो. मुद्दाम उलटं करून पाहिलं, अडॅप्टर कमी आणि कॅमेरा जास्त. खरखर जवळपास पहिल्यासारखीच! नुसता ट्रान्सफॉर्मर असलेले, बॅटरी न लागणारे अडॅप्टरही मिळतात. लांब केबलवरची गुणगुण मारायला ते उत्तम, पण कॅमेऱ्याची खरखर त्यांनी फारशी जाणार नाही.

कॅमेऱ्याचा गेन तळाला नेला की दुसरा धोका डोकं वर काढतो. मोठ्याने हसून, टाळी वाजवून पाहिलं तर कॅमेऱ्याचं मीटर शून्यापासून चांगलं लांब, तरी आवाज फाटलेला. वेव्हफॉर्म मोठी करून पाहिली, तर शिखरं मध्येच सपाट कापलेली. म्हणजे सिग्नल अडॅप्टरमध्येच किंवा कॅमेऱ्याच्या इनपुटवर, गेनच्या नॉबच्या आधीच, क्लिप होत होता. अशा वेळी कॅमेऱ्याचा गेन उतरवून काही उपयोग नसतो. अडॅप्टरचा नॉब थोडा मागे घेतला, कॅमेरा एक-दोन घरं वर. बोलण्याची शिखरं उणे १२ च्या आसपास ठेवली आणि दुसऱ्या चॅनलवर तोच माइक दहा डेसिबल खाली घेतला. पुढच्या माणसाला खदखदून हसू आलं तर तो चॅनल कामी येतो.

फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर जातीच्या माइकना चालायला लागणारी, माइकच्याच केबलमधून जाणारी वीज, मल्टीमीटरने पाहिली. १ आणि २, मग १ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये ४८ व्होल्ट, चार इकडेतिकडे चालतात. माइक लावल्यावर तो आकडा घटतो, घाबरू नये. वीज ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांतून येते, त्यामुळे ३ मिलिॲम्पिअर ओढणाऱ्या कंडेन्सर माइकपाशी ३८ व्होल्टच पोचतात. बॅटरीवर मात्र हा भार जाणवतो. ९ व्होल्टचे ४८ करताना, गळती सोडली तरी, तेवढ्यासाठीच बॅटरीतून १६ मिलिॲम्पिअर जातात. डायनॅमिकला फँटम लागतच नाही, तेव्हा स्विच बंद.

राहिली गुणगुण. कॅमेरा बॅटरीवर असताना काही नाही. चार्जर लावून, त्याच बोर्डवरच्या लॅपटॉपला हेडफोनची केबल जोडली की ५० हर्ट्झची गुणगुण हजर. लॅपटॉपचा प्लग काढताच गेली, म्हणजे ग्राउंड लूप (दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारं वेटोळं). अडॅप्टर ते कॅमेरा ही वीतभर तार बॅलन्स्ड नसते, म्हणजे बाहेरून शिरणारा आवाज ती आपोआप रद्द करू शकत नाही. मोबाइल तिच्याजवळ नेला की टिकटिक येते, म्हणून फोन दूर. तो प्लग बोटाने हलवूनही पाहिला. कुरकुर आली नाही, तरी केबल कॅमेऱ्याभोवतीच्या पिंजऱ्याला क्लिपने बांधली.

शेवटी एक चांगला, मोठं आउटपुट देणारा कंडेन्सर माइक लावून तीच चाचणी केली. तिथे अडॅप्टरमुळे पडणारा फरक किरकोळ निघाला, मुद्दाम कान देऊन ऐकला तरच कळेल इतका. त्या माइकला फँटमपुरता अडॅप्टर लावतो. डायनॅमिकसोबत तो कायमचा बसवलाय, आणि दोन्ही नॉबच्या जागी मार्करने खुणा केल्या आहेत.