आजींची वही

उल्हासनगरला मैत्रिणीच्या आजींनी परवा त्यांची जुनी वही दाखवली. सिंधमधल्या शिकारपूरच्या घराच्या आठवणी, अरबी वळणाच्या लिपीतल्या सिंधीत. १९४७ साली पंजाब आणि बंगाल दुभंगले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणून इथे आलेल्या सिंधींना स्वतःच्या भाषेचं राज्यच उरलं नाही. उरली ती भाषा. १९६७ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यता मिळालेल्या भाषांच्या यादीत, आली खरी, पण मैत्रिणीला आजींचं बोलणं कळतं, अक्षर लागत नाही! मला याचं फार वाईट वाटतं. फाळणीच्या साहित्यात आपण रक्तपातच शोधत बसतो. या वहीत माडीवरचा वारा आहे, पापड वाळवायची जागा आहे. आता आजी वाचतात, मैत्रीण देवनागरीत उतरवून घेते. ११ पानं झाली.